भिंत ओली की हवा ओली?

पुण्याजवळच्या मारुंजीच्या उंच इमारतींमध्ये जुलै लागला की तीच गाऱ्हाणी ऐकू येतात. चामडी पट्ट्यावर पांढरट बुरशी, पश्चिमेच्या भिंतीला पोपडे, बंद खोलीत कुबट वास. मग रंगाऱ्याला बोलावणे जाते आणि पुष्कळदा पैसे तिथेच वाया जातात. ओल दोन वाटांनी येते, भिंतीतून किंवा हवेतून, आणि एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

कोणती ओल आहे हे घरीच कळते. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर तुकडा, जागा पुसून घेऊन, भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दोन दिवसांनी फॉइलच्या मागे पाणी दिसले तर भिंत भिजते आहे. खोलीकडच्या बाजूवर दव धरले तर हवा दमट आहे.

पावसाळी वारा मुळशीच्या डोंगरांवरून येतो, म्हणून पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त झोडपली जाते. गिलाव्याच्या केसासारख्या बारीक भेगांतून पाणी आत शिरते, विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवते आणि खोलीच्या बाजूला येऊन वाळते. मागे उरलेल्या क्षारांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. आतून कितीही जाड रंग दिला तरी हे ढकलणे थांबत नाही. भेगा, खिडकीची चौकट, गच्चीचा कठडा, वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, इलाज तिथे करायचा असतो.

हवेतल्या ओलीचा हिशोब मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो रोज आपल्याच हातात असतो. बाहेर २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. तीच हवा घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास उतरते. पृष्ठभागालगत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा टिकला की बुरशीचे फावते. म्हणजे पावसाळ्यातही खिडकी थोडी उघडी आणि पंखा चालू ठेवला तर आपण सीमेच्या अलीकडे राहतो, पण जेमतेम. दहा बाय बाराच्या खोलीतली ही हवा पूर्ण भिजायला आणखी पाव लिटर पाणी पुरते. पिळलेल्या कपड्यांच्या एका बादलीतून त्याच्या कितीतरी पट पाणी हवेत जाते! दारे लावून ऑफिसला जाताना खोलीत दोरीवर कपडे वाळत टाकणे, हे बुरशीचे सर्वांत मोठे कारण.

स्वयंपाकघरातले मीठ हवेतल्या या ओलीची खूण देते. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या पुढे हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. बरणीतले मीठ पाझरले की कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, म्हणजे मागे वारा खेळेल. एसी १८-२० अंशांवर ठेवून मग खिडक्या उघडू नयेत. बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू २२ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे गार झालेल्या भिंतींवर दव धरते. २६ अंशांवर किंवा ड्राय मोडवर तोच एसी हवा कोरडी करतो.

आणि रंग? दिवाळीआधी रंगाचे काम काढायची आपल्याकडे घाई असते, पण तेव्हा पावसाने भिजलेली भिंत आतून वाळलेली नसते. एप्रिलच्या दुपारी पुण्याची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. भेगा आधी बुजवून रंगाचे काम तेव्हा काढावे.