हौद पाच फुटांचा, पाणी चार फुटांचे

तेलगावात घर बांधायचे म्हटले की आधी हौदाची जागा ठरते. सिंदफणेवरचे माजलगाव धरण फार लांब नाही, तरी उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. म्हणून आम्ही अंगणात जमिनीखाली हौद बांधला. खड्डा स्वतः टेप धरून मोजला. लांबी, रुंदी, खोली, सगळे पाच-पाच फूट.

हिशोब सोपा होता. घनाचे घनफळ म्हणजे बाजू गुणिले बाजू गुणिले बाजू. ५ × ५ × ५ = १२५ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण साडेतीन हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावाकडे माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. आमच्या घरातल्या पाच माणसांना रोज २७५ लिटर. बारा दिवस आरामात निघतील, असे आम्ही घरात छातीठोकपणे सांगितले.

सातव्या दिवशी हौद कोरडा पडला. अम्मी म्हणाली, "पोरांना गणित शिकवतोस, अन् घरचा हौद मोजता येईना?"

आम्हाला गळतीचा संशय आला. पुढच्या वेळी हौद भरल्यावर रात्री पाण्याच्या पातळीला खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच होते. मग हाच प्रश्न आम्ही वर्गात फळ्यावर मांडला. जिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, अशी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, भिंती कुठे गेल्या?"

उत्तर तिथेच होते. भिंती अर्धा-अर्धा फूट जाडीच्या, दोन्ही बाजूंनी. तळाला अर्धा फूट काँक्रीट. वर ओव्हरफ्लोच्या पाइपामुळे अर्धा फूट रिकामा. म्हणजे पाण्याला जागा उरली चार फुटांचीच. ४ × ४ × ४ = ६४ घनफूट, सुमारे १,८०० लिटर. साडेसहा दिवसांचे पाणी! मिस्त्रीची चूक नव्हती. आम्ही खड्डा मोजला, हौद मोजलाच नाही.

बाजू पाचाची चार झाली, तर पाणी पाचव्या हिश्शाने कमी व्हावे, असे मनाला वाटते. पण ती घट तिन्ही दिशांना होते, म्हणून पाणी जवळजवळ निम्मे होते. उलट बाजू दुप्पट केली, तर घनफळ आठपट. घरी मुलांना लुडोचे फासे द्या. एका फाशाच्या दुप्पट बाजूचा घन रचायला आठ फासे लागतात, तिप्पट बाजूचा रचायला सत्तावीस.

उर्दू माध्यमात घनाला मुकअब म्हणतात आणि घनफळाला हजम. मुकअब आणि काबा या दोन्ही शब्दांचे मूळ एकच, हे सांगितले की मुलांना घनाचा आकार लगेच आठवतो. लिटरही घनच आहे. दहा सेंटिमीटर बाजूच्या डब्यात बरोबर एक लिटर पाणी मावते, एक मीटर बाजूच्या टाकीत हजार लिटर. पेपरात धरणांच्या बातमीत येणारा एक टीएमसी म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा पाण्याचा घन. जायकवाडीची एकूण क्षमता अशा सुमारे १०२ घनांची आहे.

हौद बांधणार असाल, तर मिस्त्रीला आतले माप सांगा आणि उंची ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरा. आतून पाच फूट हवे असतील, तर आमच्यासारख्या हौदाला सहा फुटांचा खड्डा लागतो. नऊ इंची विटांची भिंत असेल, तर त्याहून मोठा.

आता घनफळ शिकवताना आम्ही सूत्र नंतर लिहितो. आधी त्या मुलीचा प्रश्न विचारतो, भिंती कुठे गेल्या?