जुनी जीप विकताना
निगुतीने जपलेल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचे मोल तिच्या मूळ इंजिनाइतकेच कागदपत्रांतही असते. कर्ज कधीच फिटलेले असले, तरी नोंदणी पुस्तकात बँकेच्या तारणाची नोंद अनेकदा तशीच राहते. बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ सादर करून ती प्रथम रद्द करून घ्यावी. मग नमुना २९ व ३० भरून हस्तांतरण नोंदवावे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी २०२१ पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. अशी नोंदणी झालेल्या वाहनाच्या विक्रीची सूचना ९० दिवसांत द्यावी लागते.

पैसे हाती आले म्हणजे व्यवहार संपला, असे नव्हे. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जीप विक्रेत्याचीच असते.