ल तेरीब्ल (विनाशिका)

ल तेरीब्ल ही फ्रेंच नौदलाची ल फांतास्क वर्गातील विनाशिका होती. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ 'भयंकर' असा होतो. या वर्गातील सहा नौकांपैकी ही सर्वांत वेगवान ठरली. 1935 मधील चाचण्यांत तिने 45 नॉटपेक्षा अधिक, म्हणजे ताशी सुमारे 83 किलोमीटर वेग गाठला. हा वेग चाचणीच्या अनुकूल परिस्थितीतला होता. युद्धसज्ज, इंधनाने भरलेल्या अवस्थेत तो अर्थातच कमी असे. तिच्यावर 138.6 मिलिमीटरच्या पाच तोफा आणि नऊ टॉर्पेडो नळ्या होत्या. शत्रूच्या विनाशिकांना गाठून त्यांच्यावर मात करणे हा अशा मोठ्या विनाशिका बांधण्यामागील हेतू होता. कमी पल्ला ही मात्र त्यांची उणीव होती.

युद्धातील कामगिरी

युद्धाच्या आरंभी ल तेरीब्ल अटलांटिक महासागरात दंकर्क या युद्धनौकेसोबत होती. ऑक्टोबर 1939 मध्ये सांता फे हे जर्मन मालवाहू जहाज पकडण्यात तिचा सहभाग होता.

3 जुलै 1940 रोजी ती अल्जीरियातील मर्स-एल-केबिर बंदरात होती. फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केल्यामुळे फ्रेंच आरमार जर्मनांच्या हाती पडेल, अशी ब्रिटनला भीती होती. ब्रिटनने दिलेली निर्वाणीची मुदत संपल्यावर, काही दिवसांपूर्वीपर्यंत मित्र असलेल्या ब्रिटिश नौदलाने नांगरलेल्या फ्रेंच जहाजांवर तोफा डागल्या. सुमारे 1,300 फ्रेंच खलाशी ठार झाले. त्या गोंधळातून स्त्रासबुर्ग ही युद्धनौका बंदराबाहेर निसटली. तिच्याबरोबर तूलाँ गाठणाऱ्या विनाशिकांत ल तेरीब्लही होती.

पुढे ती विशी सरकारच्या अखत्यारीत डकार येथे होती. नोव्हेंबर 1942 मध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरल्यानंतर फ्रेंच पश्चिम आफ्रिका दोस्तांच्या बाजूला गेली. अशा रीतीने जिने ब्रिटिश तोफांचा मारा सोसला होता, ती नौका ब्रिटिशांच्याच बाजूने लढू लागली. 1943 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे तिच्यावर रडार आणि 40 व 20 मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या. यानंतर या वर्गाच्या नौका हलक्या क्रुझर म्हणून गणल्या जाऊ लागल्या.

सप्टेंबर 1943 मध्ये कॉर्सिकाच्या मुक्तीसाठी ल फांतास्क आणि ल तेरीब्ल यांनी अल्जीयर्सहून अजाक्सियोला सैनिक पोहोचवले. किनाऱ्यावर सैनिक उतरवून लगेच परत फिरण्याच्या या कामी त्यांच्या वेगाचा खरा उपयोग झाला.

तिची सर्वांत परिणामकारक चकमक एड्रियाटिक समुद्रात 29 फेब्रुवारी 1944 च्या रात्री झाली. ल तेरीब्ल आणि ल मालँ यांनी इस्त बेटाजवळ एका जर्मन ताफ्यावर हल्ला केला. कापिटान डीडरिक्सन हे मालवाहू जहाज आणि त्याच्या संरक्षणास असलेली यूजे-201 ही नौका बुडाली. दोन्ही फ्रेंच नौका सुखरूप परतल्या.

ऑगस्ट 1944 मध्ये दक्षिण फ्रान्सवरील चढाईतही ल तेरीब्लने भाग घेतला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी नेपल्सजवळ तिची ल मालँशीच टक्कर होऊन दोन्ही नौकांचे मोठे नुकसान झाले.

1962 मध्ये ती नौदलाच्या यादीतून वगळण्यात आली.