त्याज्य स्पर्शभिंगे : संज्ञा आणि निवड

'चष्मा' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. त्याच्या मुळाशी 'चश्म' म्हणजे डोळा आहे. 'लेन्स' हे नाव लॅटिनमधील मसुरीच्या नावावरून पडले, कारण दोन्ही बाजूंनी फुगीर असलेले भिंग मसुरीच्या दाण्यासारखे दिसे. बुबुळावर बसणारे आजचे मऊ भिंग मात्र मसुरीसारखे नसून उथळ वाटीसारखे असते. नाव आणि वस्तू यांतील असे अंतर भाषाभ्यासकांस नवे नाही. परंतु येथे संज्ञेचा अर्थ चुकला तर इजा डोळ्याला होते.

मऊ भिंगे 1961 साली प्राग येथे ओटो विख्टरले यांनी मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांच्या यंत्रावर प्रथम ओतली. पुढे ती दीर्घकाळ वापरली जात आणि त्यांवर अश्रूंतील प्रथिनांचा थर साचे. त्यावर उपाय म्हणून 1980 नंतरच्या दशकात 'डिस्पोझेबल' भिंगे आली. या इंग्रजी विशेषणाचा प्रत्यय मुख्यतः शक्यता सांगतो : टाकून देता येण्याजोगे. संस्कृतातील कृत्य प्रत्यय शक्यतेबरोबर विधीही सांगतात. 'कर्तव्य' म्हणजे केलेच पाहिजे असे. या दृष्टीने 'त्याज्य' हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाहून अधिक नेमका ठरतो. मुदत संपलेले भिंग टाकता येते असे नव्हे, ते टाकलेच पाहिजे.

हाच घोटाळा 'मासिक' या संज्ञेत होतो. मासिक भिंग म्हणजे तीस वेळा घालावयाचे भिंग, असा अर्थ अनेक जण करतात. वस्तुतः महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजावयाचा. मध्ये ते आठच दिवस घातले असले तरी. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा नसून वापराचा आहे. पिंप्राळ्याचा एखादा विद्यार्थी घ्यावा. एरवी तो चष्मा लावतो. लग्नसमारंभ, खेळ किंवा आषाढी एकादशीचा रथोत्सव एवढ्यापुरतेच त्याला भिंग हवे आहे. त्याला 'दैनिक' भिंगच योग्य : सकाळी नवे, रात्री टाकले, द्रावण नको, डबी नको. रोज दहा तास वापरणाऱ्यास मासिक भिंग स्वस्त पडते. पण द्रावणाचा खर्च आणि रोज भिंग चोळून स्वच्छ करण्याचा नेम हिशेबात धरावा. धुळीची ॲलर्जी असेल तर दैनिकच बरे.

'नंबर' हा शब्दही फसवा आहे. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून सुमारे 12 मिलिमीटर दूर असते, स्पर्शभिंग डोळ्यालाच टेकते. त्यामुळे चष्म्याचा उणे 6 नंबर येथे सुमारे उणे 5.60 होतो. हा फरक साधारणतः 4 च्या पुढे जाणवू लागतो. शिवाय भिंगाची वक्रता व व्यास बुबुळाशी जुळावे लागतात, आणि दृष्टिवैषम्य असल्यास टोरिक भिंग लागते. चष्म्याच्या चिठ्ठीवरून भिंगे मागविणे म्हणूनच चूक होय. नेत्रतज्ज्ञाकडून वा ऑप्टोमेट्रिस्टकडून मोजमाप करून घ्यावे.

पाकिटावर जलांशाची टक्केवारी छापलेली असते. जास्त जलांश म्हणजे जास्त ओलावा, असे वाचकास वाटणे साहजिक आहे. परंतु जळगावच्या मे महिन्यातील कोरड्या उष्म्यात अधिक जलांशाची साधी भिंगे लवकर सुकू लागतात. 1999 च्या सुमारास आलेली सिलिकॉन हायड्रोजेल भिंगे कमी जलांश असूनही बुबुळाला अधिक प्राणवायू पोहोचू देतात. तरीही ती घालून झोपणे टाळावे.

राहिला 'द्रावण' हा शब्द. द्रावणाऐवजी पाणी चालत नाही : विहिरीचे, नळाचे वा पिण्याचेही नाही. पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव बुबुळात शिरल्यास दृष्टी जाऊ शकते. कालच्या द्रावणात आजचे ओतू नये. डबी तीन महिन्यांनी बदलावी.

खानदेशी बोलींत डोळ्याला 'डोया' म्हणतात. दुचाकीवरून जाताना डोयात कचरा गेला की लगेच पाण्याचा हबका मारण्याची सवय सर्वांनाच असते. भिंग घातले असता ती आवरावी. हात साबणाने धुऊन कोरडे करावे, प्रथम भिंग काढावे, मग डोळा धुवावा. ते भिंग दैनिक असेल तर पुन्हा घालू नये. लाली, वेदना किंवा प्रकाशाचा त्रास राहिल्यास भिंग व डबी बरोबर घेऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.