फडताळ गेलं, आता बोर्ड कोणता?

उमरगा-लोहारा भागातल्या जुन्या दगड-मातीच्या घरांना वेगळ्या कपाटाची फारशी गरज नसे. दोन-दोन फूट जाडीच्या भिंतीतच कोनाडे, देवळ्या आणि फडताळं असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि पुढे बांधकाम सिमेंटचं झालं. सहा किंवा नऊ इंची भिंतीत फडताळ मावत नाही, त्यामुळे भिंतीतली साठवण फर्निचरवर आली. पण धाराशिवसारख्या अगदी कमी जंगलाच्या जिल्ह्यात चांगलं लाकूड बाहेरूनच आणावं लागतं आणि सागवान सामान्य घराला परवडत नाही. म्हणून प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आले. त्यांच्या जोडीला ओएसबीचाही विचार व्हायला हवा, मात्र फक्त कपाटाच्या सांगाड्यासाठी आणि कडा बंद करण्याच्या अटीवर.

ओएसबी म्हणजे लाकडाच्या लांबट, पातळ चिपट्यांचा दाबून केलेला बोर्ड. वरच्या-खालच्या थरातल्या चिपट्या साधारण बोर्डाच्या लांबीत आणि मधल्या थरातल्या आडव्या बसवतात. राळ घालून, उष्णता आणि दाब देऊन तो घट्ट करतात. भुशासारख्या बारीक कणांच्या पार्टिकल बोर्डापेक्षा तो वाकायला बराच कणखर असतो, कारण लांब चिपटीत लाकडाचा धागा शाबूत राहतो. शिवाय चिपट्या पॉप्लर, पाइन अशा लवकर वाढणाऱ्या झाडांच्या बारीक ओंडक्यांतूनही निघतात. जिथे लाकूडच कमी, तिथे हा मुद्दा मोलाचा आहे.

पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो खरा आहे. युरोपीय मानक ईएन ३०० नुसार २४ तास पाण्यात बुडवल्यावर ओएसबी-२ ग्रेडची जाडी २० टक्क्यांपर्यंत आणि ओएसबी-३ ग्रेडची १५ टक्क्यांपर्यंत फुगलेली चालते. म्हणजे १८ मिलिमीटरचा बोर्ड अनुक्रमे ३.६ आणि २.७ मिलिमीटरनी फुगू शकतो. दोन शटरमधली फट दोन-तीन मिलिमीटरचीच असते, तेव्हा कड फुगली की दार अडकलंच. आपली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, ही जमेची बाजू. पण स्वयंपाकघरात ओलावा हवेतून कमी आणि सिंकच्या गळतीतून, फरशी पुसण्यातून जास्त येतो. टंचाईत तर ओट्याखाली पाण्याची भांडी भरून ठेवलेली असतात. म्हणून सिंकखाली ओएसबी नकोच. तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा सरळ कडप्पा. बाकी ठिकाणी ओएसबी-३ घ्यावा आणि तळाची, पाठीमागची, न दिसणारी प्रत्येक कापलेली कड सीलरने किंवा पट्टी चिकटवून बंद करावी. सुतार घाईत नेमक्या याच कडा सोडतात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

दुसरा आक्षेप असा की बोर्ड खडबडीत आहे आणि स्क्रू धरत नाही. खडबडीतपणा मान्य. थेट सनमायका लावला तर खालच्या चिपट्यांचे उंचवटे वर उमटतात, बिजागरीच्या ३५ मिलिमीटर भोकाच्या कडेला ढलप्या निघतात. म्हणून शटर प्लायचेच करावेत. स्क्रूचं मात्र पूर्ण खरं नाही. कडेत मारलेला स्क्रू सैल होतो किंवा बोर्ड चिरतो, पण सपाट अंगात, आधी बारीक भोक पाडून मारलेला व्यवस्थित बसतो. कोपऱ्यात लाकडी बॅटन दिला की जोड पक्का होतो. वाळवीला मात्र ओएसबी साध्या लाकडाइतकाच गोड, त्यामुळे सांगाडा जमिनीला न टेकवता चार इंची दगडी पट्टीवर किंवा पायांवर उभा करावा.

ओएसबी प्लायइतका सर्रास मिळत नाही, तेव्हा दर वाहतुकीसह विचारा आणि बोर्डावरचा ग्रेडचा शिक्का स्वतः वाचा. शिक्का नसेल तर तो बोर्ड घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.