बफेलो : माल थांबत होता तोवर वाढलेले शहर

१९५० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या बफेलो शहराची लोकसंख्या ५,८०,१३२ होती. २०२० मध्ये ती २,७८,३४९ भरली. सत्तर वर्षांत शहराने निम्म्याहून जास्त माणसे गमावली, आणि त्याच सत्तर वर्षांत देशाची लोकसंख्या १५ कोटींवरून ३३ कोटींवर गेली. बफेलो काही आडवळणाचे गाव नाही. ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला, कॅनडाच्या सीमेवर, पाच महासरोवरांच्या जलमार्गावर ते वसले आहे. नायगारा पाहायला जाणारे कितीतरी मराठी प्रवासी याच शहराच्या विमानतळावर उतरतात. ज्या धबधब्यासाठी ते एवढ्या लांब येतात, त्या धबधब्यानेच हे शहर उभे केले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ईरी सरोवराचे पाणी पुढच्या ऑन्टारिओ सरोवरापेक्षा सुमारे ९९ मीटर उंचावर आहे. मधल्या नायगारा नदीतून जहाज खाली उतरणे अशक्य. त्यामुळे पश्चिमेकडून गहू घेऊन आलेले जहाज बफेलोला येऊन अडायचे. १८२५ मध्ये इथून थेट हडसन नदीपर्यंत ५८४ किलोमीटरचा ईरी कालवा खुला झाला. बफेलो ते न्यूयॉर्क एक टन माल न्यायला पूर्वी साधारण १०० डॉलर लागत. ते भाडे १० डॉलरच्या आसपास आले. लोकसंख्येचे आकडे लगेच बोलू लागले. १८२० मध्ये २,०९५, १८३० मध्ये ८,६६८, १८५० मध्ये ४२,२६१. १९०० मध्ये ३,५२,३८७ वस्तीचे बफेलो अमेरिकेतले आठव्या क्रमांकाचे शहर होते.

ही वाढ कशातून झाली, ते नीट पाहायला हवे. सरोवरातली जहाजे मोठी आणि कालव्यातल्या होड्या अरुंद. म्हणजे पश्चिमेकडून आलेला गव्हाचा प्रत्येक दाणा बफेलोत उतरवावा लागे, साठवावा लागे आणि पुन्हा चढवावा लागे. सुरुवातीला हे काम आयरिश हमाल पाठीवरून करत. १८४२ मध्ये जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने अभियंता रॉबर्ट डनबारच्या मदतीने वाफेवर चालणारे धान्य-उचल यंत्र आणि त्याला जोडून उंच कोठार बांधले. जहाजाच्या पोटात बादल्यांचा फिरता पट्टा सोडून तासाला १,००० बुशेल, म्हणजे सुमारे २७ टन गहू वर खेचता येऊ लागला. माल थांबतो तिथे कोठारवाला लागतो, आडत्या लागतो, विमा उतरवणारा लागतो, व्यापाऱ्याला उधार देणारी बँक लागते. मग तिथेच गहू दळून पीठ का विकू नये, असा विचार होतो आणि गिरण्या येतात. १८९६ मध्ये नायगाराची वीज तारेवरून बफेलोत पोहोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेला लागूनच लॅकवाना पोलाद कारखाना उभा राहिला. खनिज सरोवरातून यायचे, कोळसा रेल्वेने. १९३० च्या सुमारास पीठ दळण्यात बफेलोने मिनिआपोलिसला मागे टाकले.

मग बिघडले कुठे? सर्वांत प्रचलित उत्तर सेंट लॉरेन्स जलमार्गाचे आहे. १९५९ मध्ये तो खुला झाला आणि समुद्रात जाणारी जहाजे सरोवरांपर्यंत येऊ लागली. कॅनडाच्या हद्दीतला वेलंड कालवा धबधब्याला वळसा घालून आठ पायऱ्यांनी जहाज खाली उतरवतो, आणि त्याचे ईरी सरोवराकडचे तोंड बफेलोच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. गव्हाचे जहाज तिथूनच वळून माँट्रियलकडे निघून जाऊ लागले. बफेलोला थांबायचे कारण उरले नाही.

हे खरे आहे, पण तारखांशी पूर्ण जुळत नाही. १९०० ते १९१० या दशकात शहर २० टक्क्यांनी वाढले, पुढच्या दशकातही जवळजवळ तेवढेच, १९२० ते ३० मध्ये १३ टक्क्यांनी. त्यानंतरच्या दशकात वाढ फक्त अर्धा टक्का, आणि १९४० ते ५० मध्ये पाऊण टक्क्याच्याही आत. याच दोन दशकांत देश अनुक्रमे ७ आणि १४ टक्क्यांनी वाढत होता. जलमार्ग खुला होण्याआधी जवळजवळ तीस वर्षे बफेलो थबकलेले होते. मोठ्या जहाजांसाठी बांधलेला आजचा वेलंड कालवा १९३२ मधला. रेल्वेने कालव्यावरचा माल त्याहून कितीतरी आधी ओढून घेतला होता, आणि मालमोटारींनी उरलेला घेतला. पोलाद कारखान्याचेही तसेच. तो बंद करण्याची घोषणा डिसेंबर १९८२ मध्ये झाली आणि हजारो कामगारांच्या घरी अंधार झाला. पण शहराचे सर्वांत वाईट दशक त्याआधीचे, १९७० ते ८०. त्या दहा वर्षांत लोकसंख्या ४,६२,७६८ वरून ३,५७,८७० वर आली, म्हणजे २२.७ टक्क्यांनी घटली.

आणखी एक आकडा लोक विसरतात. बफेलोची हद्द १८५० च्या दशकात ठरली, ती जवळपास तेवढीच राहिली आहे. शहर आणि उपनगरे मिळून होणारा ईरी-नायगारा परिसर पाहिला तर १९५० मध्ये तिथे १०,८९,२३० लोक होते आणि १९७० मध्ये १३,४९,२११. शहरातली माणसे एक पंचमांशाने कमी होत असताना परिसर २४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे पहिली वीस वर्षे लोक परिसर सोडून गेले नाहीत, शहर सोडून गेले. ॲम्हर्स्ट या उपनगराची वस्ती १९५० मध्ये ३४ हजारांच्या आसपास होती, २०२० मध्ये ती १,२९,५९५ झाली. याला सरकारी निर्णयांनी हातभार लावला. उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आखलेला झाडांचा हम्बोल्ट पार्कवे उखडून १९६० च्या दशकात तिथे द्रुतगती मार्ग घातला गेला. त्याने पूर्वेकडच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या चिरल्या. सरकारी विद्यापीठाचा नवा विस्तार शहराच्या मध्यात, पाण्याकाठी करता आला असता. तो ॲम्हर्स्टला नेला. माझ्या मते पोलाद कारखाना गमावण्याइतकीच ही हानी मोठी आहे, कारण कारखाना गेल्यावर शहराला तेच विद्यापीठ उपयोगी पडले असते.

खरी गळती १९७० नंतरची. २०२० मध्ये अख्खा परिसर ११,६६,९०२ वर आला होता. याचे कारण म्हणून थंडी आणि बर्फ पुढे केले जाते. ते मला पटत नाही, कारण रस्त्याने १६० किलोमीटरवर टोरांटो आहे. थंडी जवळपास तशीच, सरोवरे शेजारची. १९५१ मध्ये टोरांटो महानगराची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती, म्हणजे बफेलो परिसराच्या थोडीशीच पुढे. २०२१ मध्ये ती ६२,०२,२२५ होती. महानगराची व्याख्या मधल्या काळात रुंदावली, हे धरूनही फरक पाचपटीचा उरतो. टोरांटो बंदराच्या जोरावर वाढले नाही. ती प्रांताची राजधानी आहे. बँका, विद्यापीठे, मुख्यालये तिथे होती, आणि १९७६ नंतर क्वेबेक प्रांतातल्या फुटून निघण्याच्या राजकारणाला बिचकून माँट्रियलमधली कितीतरी मुख्यालये तिथे आली. १९६७ मध्ये कॅनडाने स्थलांतरितांसाठी गुणांची पद्धत आणली आणि जगभरची शिकलेली माणसे येऊ लागली. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधली मराठी घरे त्याच ओघातली.

बफेलोत कारखाने होते, पण निर्णय घेणारे नव्हते. पोलाद कारखाना १९२२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम कंपनीचा होता, पिठाच्या सर्वांत मोठ्या गिरणीची मालकी मिनिआपोलिसच्या जनरल मिल्सकडे. दुसऱ्या महायुद्धात पी-४० लढाऊ विमाने बफेलोत बनली. युद्ध संपताच ती बनवणाऱ्या कर्टिस-राइट कंपनीने विमानांचे काम ओहायोतल्या कोलंबसला हलवले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल कंपनीने हेलिकॉप्टरचे काम टेक्सासला नेले. त्या कोलंबसचा आकडा पाहा. बंदर नाही, जहाज चालेल अशी नदी नाही. राज्याची राजधानी आणि एक मोठे सरकारी विद्यापीठ आहे. १९५० मध्ये लोकसंख्या ३,७५,९०१, २०२० मध्ये ९,०५,७४८. यात आजूबाजूची जमीन हद्दीत घेतल्याचा वाटा मोठा आहे, पण घेतलेल्या जमिनीवर राहायला माणसे आलीच ना.

कंटेनरने तर थांबण्याची गरजच काढून टाकली आहे. पेटी जहाजावरून उतरते ती न उघडता गाडीवर चढते. आपल्याकडे न्हावा शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०२४-२५ मध्ये तिथे वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे ७३ लाख पेट्या हाताळल्या गेल्या. बंदराला लागून असलेल्या उरण शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ३० हजारांच्या आसपास होती. नवी मुंबई वाढली ती सिडकोच्या नियोजनामुळे आणि मुंबईच्या शेजारामुळे. डहाणूजवळच्या वाढवण बंदरावर ७६,२२० कोटी रुपये खर्च होणार आहेत, आणि त्याबद्दल पाण्याची खोली आणि पेट्यांची क्षमता एवढेच सांगितले जाते. त्या पेट्यांतल्या किती पालघर जिल्ह्यात उघडल्या जातील, हा आकडा पालघरच्या लोकांना हातात मिळायला हवा.

बफेलोत २०१० ते २०२० या दशकात १९५० नंतर पहिल्यांदाच लोकसंख्या वाढली, २,६१,३१० वरून २,७८,३४९, म्हणजे साडेसहा टक्के. धक्क्यावर माल वाढला म्हणून हे झालेले नाही. म्यानमार, सोमालिया, काँगो इथून आलेले निर्वासित आणि न्यूयॉर्क शहरातले भाडे परवडत नाही म्हणून आलेली बांगलादेशी कुटुंबे पूर्व भागातली स्वस्त, रिकामी घरे विकत घेऊन दुरुस्त करू लागली. तरीही २०२० चा आकडा १८९० च्या लोकसंख्येपेक्षा फक्त २२,६८५ ने जास्त आहे.