पेट्रोलमधलं इथेनॉल आणि शहराची हवा : मुलांना नेमकं काय सांगायचं?



ऊस, कारखाना, मळी हे शब्द आपल्या देवणी-उदगीर भागातल्या मुलांना नवे नाहीत. पेट्रोल पंपावरचं ‘ई-20’ही आता कानावर पडतं. त्यामुळे ‘हवा प्रदूषण’ हा पाठ घेताना प्रश्न येतोच, “सर, उसाचं पेट्रोल आलं म्हणजे धूर बंद होणार का?” नुसतं ‘हो’ म्हणून पुढे जाणं सोपं आहे, पण ते अर्धंच उत्तर होईल.

ई-20 म्हणजे काय?

उसाचा रस, मळी, मका किंवा तांदूळ आंबवून इथेनॉल तयार करतात. 100 लिटर इंधनात 20 लिटर इथेनॉल असलं की ते ई-20. याचा पहिला प्रयोग 2001 मध्ये आपल्या राज्यात मिरज व मनमाड इथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीला झाला. 2014 मध्ये देशात मिश्रणाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. 2022 मध्ये ते 10 आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं.

फायदा कसा होतो?

चुलीला हवा कमी पडली की धूर होतो, फुंकणीने फुंकलं की जाळ नीट लागतो. इंजिनातही तसंच आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून इंधन जास्त पूर्ण जळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार, साध्या पेट्रोलच्या तुलनेत ई-20 मुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दुचाकीतून सुमारे 50 टक्के आणि चारचाकीतून सुमारे 30 टक्के कमी निघतो. हा फायदा खरा आहे.

मग अडचण कुठे?

त्याच अहवालात नायट्रोजन ऑक्साइडबाबत ठोस घट दिसत नाही आणि ॲसिटाल्डिहाइड हा त्रासदायक वायू मात्र वाढतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. तिथे गाड्या पेट्रोलवरही चालतात आणि इथेनॉलवरही. लोक इथेनॉलकडून पेट्रोलकडे वळले, तेव्हा जमिनीलगतचा ओझोन सुमारे 20 टक्के कमी झाला, पण अतिसूक्ष्म कण वाढले. म्हणजे एक घटक सुधारला की दुसरा बिघडू शकतो.

आता आपलं लातूर बघा. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर शहराचं नाव आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकाम, जाळलेला कचरा आणि डिझेलच्या गाड्या, यातलं काहीच पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून कमी होत नाही.

आणि पाण्याचा हिशोब? उसापासून 1 लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे 2860 लिटर पाणी लागतं, असं तोच अहवाल सांगतो. ज्या मिरजेत इथेनॉलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शहराच्या स्वच्छ हवेची किंमत कोणाच्या विहिरीतून द्यायची, हा प्रश्न आपल्या मुलांना पडलाच पाहिजे.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलांना लांब बसवावं. रॉकेलची चिमणी आणि स्पिरिटचा दिवा पेटवा. दोन्हींच्या ज्योतीवर चिमट्याने पांढरी बशी धरा. चिमणीची काजळी ठळक दिसेल, स्पिरिटची जवळजवळ नाही. मग विचारा, “काजळी दिसली नाही म्हणजे काहीच बाहेर पडलं नाही का?” न दिसणारे वायूही असतात, हे इथे मुलांना छान उमगतं.

शेवटी वहीत तीन वाक्यं लिहून द्या. इथेनॉलमुळे काही विषारी वायू कमी होतात. सगळं प्रदूषण त्याने जात नाही. कोणतंही इंधन फुकट मिळत नाही, जमीन आणि पाणी त्याची किंमत मोजतात.

पालकहो, जवळच्या दुकानापर्यंत मुलांसोबत चालत किंवा सायकलवर जा. जे इंधन जळलंच नाही, त्याचा धूर होत नाही!